नळाचं पाणी दूषित झाल्यावर: उकळण्यापासून ग्लासापर्यंत

पाणी खळखळून उकळलं होतं. झाकण ठेवून गारही केलं होतं. मग मी सवयीने ग्लास नळाखाली धरला, विसळला, झटकला आणि त्यात ते उकळलेलं पाणी ओतलं. ग्लास ओठाला लावणार तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला, "आई, ग्लास कुठल्या पाण्याने विसळलास?"

ग्लासाच्या तळाशी नळाच्या पाण्याचे आठ-दहा थेंब होते. तासाभराची मेहनत त्या थेंबांत गेली. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच गोष्ट आधी सांगते: पाणी उकळणं सोपं आहे, उकळलेलं पाणी पोटात जाईपर्यंत तसंच ठेवणं अवघड आहे. या लेखात उकळण्यापेक्षा उकळल्यानंतरच्या कामावर जास्त शब्द खर्च केलेत ते त्यामुळेच.

पाणी स्वच्छ दिसतं, म्हणून?

जीवाणू दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, चव नसते. गढूळ पाणी निदान सावध तरी करतं. नितळ पाणी फसवतं. मुख्य वाहिनी फुटली, पंप बंद पडला किंवा पुरवठा काही तासांसाठी थांबला की नळीतला दाब उतरतो. दाब असतो तेव्हा गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. दाब गेला की त्याच सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. शेजारून गटाराची वाहिनी जात असेल तर पुढचं सांगायला नको. वाहिनीला थेट पंप लावून पाणी खेचलं तरी हेच होतं, कारण पंप पाण्याबरोबर फटीतलंही खेचतो. पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर पहिलं येणारं पाणी सगळ्यात वाईट असतं ते याच कारणाने.

प्रयोगशाळेत 'ई. कोलाय' शोधतात. हा जीवाणू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो, त्यामुळे तो पाण्यात सापडला की विष्ठेचा संपर्क झाला असं समजायचं. पिण्याच्या पाण्याच्या १०० मि.ली. नमुन्यात तो एकही असता कामा नये. नेहमीच्या चाचणीला १८ ते २४ तास लागतात. म्हणजे दूषित पाण्याची सूचना तुमच्यापर्यंत येते तेव्हा ते पाणी बहुधा आदल्या दिवसापासूनच तुमच्या घरात असतं.

उशीर किती महागात पडतो ते कॅनडातल्या वॉकर्टन या गावाने पाहिलं. मे २००० मध्ये जोरदार पावसाने शेतातलं शेणखत विहिरीच्या पाण्यात उतरलं, क्लोरीन पुरेसं नव्हतं, आणि सुमारे ५ हजार वस्तीच्या त्या गावात जवळपास २,३०० लोक आजारी पडले. सात जण दगावले.

आधी सूचना नीट वाचा

'उकळून प्या', 'पिऊ नका' आणि 'वापरू नका' या तीन वेगळ्या सूचना आहेत. उकळल्याने जीवाणू, विषाणू आणि परजीवी मरतात. रसायनं मरत नाहीत. नायट्रेट, शिसं, इंधन किंवा कीटकनाशक मिसळलं असेल तर उकळून पाणी आटतं आणि तोच माल आणखी दाट होतो. 'पिऊ नका' असं सांगितलं असेल तर उकळण्याच्या भानगडीत न पडता बाहेरून आणलेलं पाणीच प्यायचं. 'वापरू नका' म्हटलं तर अंघोळसुद्धा नाही. पाण्याला पेट्रोल, रंग किंवा औषधासारखा वास येत असेल तर सूचना काहीही असो, ते तोंडात घालू नका. पुढे लिहिलंय ते फक्त जीवाणूंच्या दूषिततेबद्दल.

पहिला अर्धा तास

गॅस पेटवण्याआधी घरात जे आधीच भरून ठेवलंय त्याचा बंदोबस्त करा. फ्रीजमधल्या बाटल्या, टेबलावरचा जग, प्युरिफायरच्या टाकीतलं पाणी, बर्फाचे ट्रे, कालपासून भिजत घातलेलं काही, सगळं ओतून द्या. बर्फाबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. गोठल्याने जीवाणू मरत नाहीत, ते नुसते थांबून राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. फ्रीजमध्ये बर्फ आपोआप तयार होण्याची सोय असेल तर ती बंद करा.

मग प्रत्येक नळाला काहीतरी बांधा. आमच्याकडे लाल रिबीन होती, रबर बँड चालेल, चिंधी चालेल. हे पोरकट वाटेल. पण अर्धवट झोपेत दात घासायला गेलेल्या माणसाचा हात आपोआप नळाकडे जातो, आणि त्या क्षणी सूचना आठवत नाही, रिबीन दिसते. बेसिनपाशी उकळलेल्या पाण्याची बाटली ठेवली नाही तर मात्र रिबिनीचाही उपयोग नाही, कारण तोंडात फेस असताना कुणी स्वयंपाकघरापर्यंत येत नाही.

उकळणं

गढूळ पाणी थेट उकळू नका. आधी थोडा वेळ स्थिर ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात घ्या आणि स्वच्छ, घट्ट विणीच्या सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा. कापडाने जीवाणू अडत नाहीत, कचरा अडतो. त्यामुळे गाळलं म्हणजे झालं असं समजू नका.

आता उकळा. तळाशी बुडबुडे सुटले, वाफ दिसली, म्हणजे उकळलं नाही. पाणी खालून वर उसळलं पाहिजे आणि चमच्याने ढवळलं तरी बुडबुडे थांबता कामा नयेत. तिथून पुढे पूर्ण १ मिनिट. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं.

दहा मिनिटं, वीस मिनिटं उकळा असं सांगणारे भेटतील. गरज नाही. आतड्याचे आजार करणारे जीवाणू ७० अंशांवरच मिनिटभरात मरतात. आपण उकळेपर्यंत थांबतो ते घरात थर्मामीटर नसतो म्हणून. उकळी ही डोळ्यांना दिसणारी खूण आहे. जास्त उकळून इंधन जातं आणि पाणी आटतं, एवढंच. विजेची किटली चालते, फक्त तिने खळखळून उकळी येऊ द्यायला हवी आणि मग बंद व्हायला हवं. गीझरचं पाणी मात्र चालत नाही. ते कितीही कढत लागलं तरी साधारण ५० ते ६० अंशांचं असतं, आणि उकळणं त्याला म्हणत नाहीत. कॉफीच्या यंत्राचंही तेच, त्यात आधी उकळलेलंच पाणी घाला.

एक धोका कुणी सांगत नाही: या दिवसांत घरात चोवीस तास कढत पाण्याची पातेली फिरत असतात. मूल भाजण्याची भीती जीवाणूंइतकीच खरी आहे. मागच्या शेगडीवर उकळा, पातेल्याचा दांडा आत वळवा, आणि भरलं पातेलं उचलून नेण्याऐवजी तिथेच गार होऊ द्या.

गार करणं आणि साठवणं

खरी गडबड इथे होते. क्लोरीन घातलेल्या पाण्यात पहारेकरी असतो. नंतर एखादा जीवाणू पडला तर उरलेलं क्लोरीन त्याला मारतं. उकळलेल्या पाण्यात कुणीच नसतं. एक ओला चमचा, एक बोट, एक न धुतलेलं झाकण, आणि पाणी पुन्हा होतं तसं.

ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून गार करा. झाकणसुद्धा शेवटचं मिनिटभर पातेल्यावर असू द्या, म्हणजे वाफेने त्याची आतली बाजू तापते. लवकर गार व्हावं म्हणून पातेलं परातीतल्या नळाच्या पाण्यात ठेवायचं असेल तर ठेवा, पण बाहेरच्या पाण्याचा शिंतोडा आत जाणार नाही इतकंच पाणी परातीत घ्या. वरून बर्फ टाकायचा नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. मी एकदा टाकलाय.

साठवण्याचं भांडं कसं हवं? तोंड अरुंद, झाकण घट्ट, आणि शक्यतो खाली तोटी. रुंद तोंडाच्या भांड्यात कधी ना कधी हात जातोच. तोटीचं भांडं नसेल तर पाणी ओतून घ्या. बुडवून घ्यायचंच असेल तर लांब दांड्याचं एकच ओगराळं ठेवा आणि ते ओट्यावर न टेकवता स्वच्छ खिळ्याला टांगा. भांडं आधी साबणाने घासा. मग १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा साधं घरगुती द्रवरूप ब्लीच घालून ते पाणी भांड्यात टाका, झाकण लावा, सगळीकडे लागेल असं अर्धा मिनिट हलवा, आणखी अर्धा मिनिट थांबा आणि ओतून द्या. भांडं उपडं ठेवून हवेवर वाळवा. नळाच्या पाण्याने विसळू नका (ग्लासाची गोष्ट आठवा). फडक्यानेही पुसू नका, ते फडकं शेवटचं कुठल्या पाण्यात धुतलं होतं ते आठवतंय का?

भांड्यावर वेळ लिहून चिकटवा आणि २४ तासांत ते पाणी संपवा. उरलं तर फरशी पुसायला. पाणी पिण्यापुरतं माणशी दिवसाला ३ लिटर धरा. दात, फळं आणि बाळाच्या बाटल्या धरून त्याच्या दीडपट उकळा. रात्री झोपण्यापूर्वी एकदा उकळून ठेवलं की सकाळी गार, झाकलेलं पाणी तयार असतं. दिवसभर थोडं थोडं उकळत बसलात तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि कंटाळ्यातच चुका होतात.

उकळलेलं पाणी बेचव लागतं कारण त्यातली हवा निघून जाते. दोन स्वच्छ भांड्यांत चार-पाच वेळा वरखाली केलं की चव परत येते.

उकळता येत नसेल तर

वीज नाही, गॅस नाही, तर क्लोरीन. घरगुती द्रवरूप ब्लीच बिनवासाचं, बिनरंगाचं, जाडसर न केलेलं हवं आणि लेबलावर सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण ५ ते ९ टक्के लिहिलेलं हवं. नितळ पाण्याला लिटरमागे २ थेंब. पाणी गढूळ किंवा खूप गार असेल तर ४. म्हणजे २० लिटरच्या नितळ पाण्याला ४० थेंब, साधारण २ मि.ली. ढवळा, झाका आणि ३० मिनिटं थांबा. झाकण उघडल्यावर क्लोरीनचा पुसटसा वास यायला हवा. आला नाही तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी १५ मिनिटं थांबा; तरी वास नसेल तर ते पाणी सोडून दुसरं घ्या. वास न येण्याचं कारण बहुतेक वेळा बाटलीतच असतं, कारण ब्लीच ठेवून ठेवून कमजोर होतं. वर्षभर पडून राहिलेल्या बाटलीवर विसंबू नका.

क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर त्या जास्त सोयीच्या, कारण थेंब मोजावे लागत नाहीत. किती लिटरला एक, ते पाकिटावर वाचा; वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात. ब्लीच कधीही संडास साफ करण्याच्या आम्लाबरोबर किंवा अमोनियाच्या द्रवाबरोबर मिसळू नका, विषारी वायू होतो.

क्लोरीनची एक मर्यादाही आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळाच्या पाण्यात उतरला आणि अंदाजे ४ लाखांवर लोकांना जुलाब झाले. पाण्यात क्लोरीन होतं, पण या परजीवीचं कवच नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. उकळी मात्र त्याला मारते. म्हणून दोन्ही शक्य असेल तेव्हा मी उकळीच निवडते.

दोन्ही नसेल तर ऊन आहे. २ लिटरपर्यंतची पारदर्शक, बिनरंगी प्लास्टिकची बाटली नितळ पाण्याने भरून आडवी, कडक उन्हात ६ तास ठेवायची. आभाळ असेल तर सलग २ दिवस. सततच्या पावसात हा उपाय नाही.

"आमच्याकडे प्युरिफायर आहे"

हे वाक्य ऐकलं की मला जास्त काळजी वाटते. नळाला लावायचा किंवा पाण्याच्या जगमध्ये बसवलेला कार्बन फिल्टर चव आणि वास सुधारतो, जीवाणू अडवत नाही; उलट ओलसर कार्बनवर ते वाढतात. यूव्हीला, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याला, पाणी नितळ लागतं, कारण गढूळपणाच्या सावलीत जीवाणू वाचतात, आणि दिवा जळताना दिसला तरी त्याची ताकद उतरलेली असू शकते. आरओचा पडदा चांगला असेल तर जीवाणू अडवतो, पण पडद्याच्या पुढे टाकी असते, नळी असते, तोटी असते, आणि त्यांची सफाई आपण शेवटची कधी केली हे प्रामाणिकपणे आठवून पाहा. सूचना लागू आहे तोवर प्युरिफायरचं पाणीही उकळा.

कुठे कुठलं पाणी

तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला उकळलेलं: पिणं, चूळ, दात, गोळ्या गिळणं, कच्ची फळं-भाज्या धुणं. जी गोष्ट पाण्यात खळखळून शिजणार आहे तिला नळाचं चालेल. कच्चं खायचं असेल तर उकळलेलं, यात सूट नाही.

हात साबण लावून नळाच्या पाण्याने धुता येतात, २० सेकंद नीट चोळून आणि कोरडे करून. पण बाळाला भरवण्यापूर्वी किंवा कच्चं चिरण्यापूर्वी उकळलेल्या पाण्याने धुवा, नाहीतर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर चोळा. मोठ्यांनी अंघोळ करायला हरकत नाही, तोंड मिटून. शॉवरखाली गाणाऱ्यांनी थोडे दिवस कळ काढावी. लहान मुलं अंघोळीचं पाणी पितातच, त्यांना ओल्या कापडाने पुसून घ्या. अंगावर उघडी जखम किंवा ताजी शस्त्रक्रिया असेल तर ती कोरडी ठेवा.

भांडी नेहमीसारखी घासा, विसळा, आणि मग ४ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा ब्लीच घालून त्यात निदान १ मिनिट बुडवून ठेवा. बाहेर काढून पूर्ण वाळू द्या. डिशवॉशरच्या शेवटच्या धुण्याचं पाणी ६६ अंशांपर्यंत तापत असेल तर तो वापरता येतो.

कपडे, फरशी, संडास, कुंड्या: नळाचं पाणी, डोक्याला ताप नको. घरातल्या जनावरांना उकळलेलं.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि नाक धुणं ही दोन कामं लोक विसरतात. लेन्सला नळाचं पाणी एरवीही लावू नये. नाकात घालायचं पाणी तर नेहमीच उकळून गार केलेलं हवं, सूचना असो वा नसो.

बाळ असेल तर

सहा महिन्यांच्या आतल्या, आईच्या दुधावरच्या बाळाला वरचं पाणी लागतच नाही. दूषित पाण्याच्या दिवसांत त्याहून सुरक्षित काही नाही. पावडरचं दूध देत असाल तर पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंशांखाली उतरण्यापूर्वी पावडरमध्ये मिसळा, कारण पावडर स्वतःही निर्जंतुक नसते. मग बंद बाटली गार पाण्यात धरून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. बाटली, बूच आणि निपल दर वेळी उकळा. उरलेलं दूध टाकून द्या.

पोट बिघडलंच तर

सूचनेच्या आधी प्यायलेलं पाणी परत काढता येत नाही, म्हणून पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. पटकीची लक्षणं काही तासांपासून ५ दिवसांत दिसतात, ई. कोलायच्या घातक जातीची बहुधा ३-४ दिवसांनी, आणि टायफॉइडचा ताप एक ते तीन आठवड्यांनीही येतो. ताप आला तर डॉक्टरांना पाण्याची गोष्ट आवर्जून सांगा.

जुलाबात जीव जातो तो अंगातलं पाणी गेल्याने. जलसंजीवनीचं पाकीट घरात ठेवा. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, नीट विरघळवून. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलंय, यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नका. रक्त पडत असताना जुलाब थांबवायची गोळी किंवा उरलंसुरलं अँटिबायोटिक मनाने घेऊ नका, ई. कोलायच्या त्या जातीत मूत्रपिंडावर परिणाम होण्याची भीती असते, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये.

सूचना उठल्यावर

पाणी शुद्ध झालं असं जाहीर झालं म्हणजे मुख्य वाहिनीतलं झालं. तुमच्या घरातल्या नळ्यांमध्ये जुनंच पाणी उभं असतं. गार पाण्याचा प्रत्येक नळ ५ मिनिटं पूर्ण सोडा. नळाच्या तोंडाची जाळी काढा. तिच्यात अडकलेली रेती आणि चिकट थर पाहिलात की दर महिन्याला काढाल. गीझर बंद करून त्याच्या आकारमानाइतकं जुनं पाणी वाहून जाऊ द्या. बर्फाचे पहिले तीन घाणे फेका. फिल्टरच्या कांड्या धुऊन पुन्हा लावू नका, बदला.

घरची टाकी असेल तर ती रिकामी करून घासा, मग भरा आणि दर १,००० लिटरला ५ टक्क्यांचं १ लिटर ब्लीच घाला. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा, १२ तास तसंच ठेवा. या काळात ते पाणी कुणीही वापरायचं नाही, तेव्हा रिबिनी अजून सोडू नका. नंतर सगळं काढून टाका, झाडांवर किंवा तळ्यात न सोडता, आणि स्वच्छ पाण्याने भरा.

खाजगी विहीर किंवा कूपनलिका असेल तर पाणी शुद्ध झाल्याचं कुणी जाहीर करणार नाही, चाचणी तुम्हालाच करावी लागते. विहिरीत क्लोरीन घातलं असेल तर त्याचा वास पूर्ण गेल्यावरच नमुना घ्या. नळाची जाळी काढा, तोंड ब्लीचने पुसा, ५ मिनिटं पाणी सोडा. प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीच्या झाकणाला आतून बोट लावू नका, भरल्यावर ती थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. आणि बाटलीत तळाशी थोडी पांढरी पूड दिसली तर ती घाण नाही, उरलेलं क्लोरीन मारण्यासाठी मुद्दाम घातलेली असते. ही बाटली विसळायची नाही.